मोल्डिंगचा दर फुटावर नको, कोपरे मोजा

ॲक्सेंट वॉलच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो की मोल्डिंगच्या कामाचा दर रनिंग फुटावर द्या, मार्केटमध्ये सगळे तसाच देतात. तो सल्ला आज मागे घेतोय. कारण त्यानंतर मीच तसा दर देऊन एक काम घेतलं, दोन दिवस धरले होते, लागले चार. मजुरी खिशातून गेली.

नेमकं काय चुकलं ते बघा. हॉलची भिंत 12 फूट रुंद, 10 फूट उंच. खाली 4 इंचाचं स्कर्टिंग. त्यावर तीन उभ्या चौकटी, सगळीकडून 6 इंच सोडून. एक चौकट 40 बाय 104 इंच, म्हणजे 24 फूट पट्टी. तिघींना 72 फूट. इथपर्यंत ठीक.

मग वहिनी म्हणाल्या, "दादा, याच चौकटी वर मोठी, खाली छोटी अशा करा ना!" मी हो म्हणालो. मध्ये आणखी 6 इंच सोडले की 72 चे 89 फूट होतात. बिल पावपटीनेसुद्धा वाढलं नाही. पण कोपरे 12 चे 24 झाले आणि 45 अंशातले काप 24 चे 48! सरळ पट्टी चिकटवायला वेळ लागतोच किती? वेळ खातो तो कोपरा. कापा, लावून बघा, फट दिसली की परत कापा, मग सीलंट भरा, घासा. (सीलंट ॲक्रिलिकच घ्या. सिलिकॉनवर रंग धरत नाही, हे रंगारी नंतर तुम्हालाच ऐकवतो.)

म्हणून माझं मत आता पक्कं आहे. मजुरी कोपऱ्यावर लावा आणि माल अख्ख्या पट्टीवर. मालातही फुटाचा हिशेब फसवतो. साडेनऊ फुटी पट्टी घेतली तर 72 फुटांना कॅल्क्युलेटर 8 पट्ट्या सांगतो. प्रत्यक्षात 104 इंचाचा उभा तुकडा एका पट्टीतून एकच निघतो, उरतो 10 इंचाचा तुकडा, तो कशालाच येत नाही. सहा उभ्यांना 6 पट्ट्या, आणि 40 इंचाचे आडवे एका पट्टीत दोनच, म्हणून आणखी 3. झाल्या 9. आठ फुटी स्वस्त पडते म्हणून आणाल, तर ती 96 इंचच. प्रत्येक उभ्यात जोड येणार, आणि बाजूने लाइट पडला की तो जोड दिसणारच.

तुम्ही म्हणाल, सर, ग्राहक दर फुटावरच विचारतो. विचारू द्या. त्याला फुटाचा आकडा न देता पूर्ण भिंतीची एक रक्कम सांगा, आणि सांगण्याआधी भिंतीवर मास्किंग टेपने चौकटी आखून दाखवा. टेप लेव्हल लावूनच मारा, छताच्या रेषेवर भरवसा ठेवू नका. लोकांचं मन टेपवर बदललं तर दहा रुपयांचं नुकसान, पट्टी कापल्यावर बदललं तर दिवसाचं. स्विचबोर्ड चौकटीच्या रेषेत येतोय का, तेही तेव्हाच कळतं. टेपचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, "ओके" आलं की मगच माल आणा. त्यानंतर डिझाइन बदललं तर वाढीव कोपऱ्यांचे पैसे वेगळे, हेही त्याच मेसेजमध्ये लिहा. तोंडी सांगितलेलं बिलाच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

भिंतीला ओल असेल तर मात्र काम घेऊच नका, आधी ओल बंद करून घ्या. एमडीएफची पट्टी पावसाळ्यात फुगते. पीव्हीसी फुगत नाही, पण मागची पुट्टीच सुटली तर ती पट्टीला घेऊनच खाली येते.

आणि पहिली भिंत स्वतःच्या घरातली करा. माझी बेडरूममध्ये आहे. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात एवढं सीलंट भरलंय की बायको पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवते. पण एका कोपऱ्याला किती मिनिटं लागतात ते मी तिथेच घड्याळ लावून मोजलं असतं, तर पुढचं नुकसान झालं नसतं. तुम्ही मोजा, आणि आलेला आकडा मला कमेंटमध्ये कळवा.