परकी शाबासकी आणि नेपाळचा बहुजनसमाज

एके काळीं खेड्यांतल्या शाळेंत साहेब तपासणीस येत. भिंतींना चुना आहे, हजेरीपट भरलेला आहे, एवढें पाहून ते शेरेबुकांत "काम समाधानकारक" असें लिहीत व निघून जात. बाहेरच्या पायरीवर बसून शिकणारें पोर कोणाचें, हें मात्र त्यांस दिसत नसे. नेपाळांतील २०१३ सालच्या निवडणुकीवर परराष्ट्रांनीं जो शेरा मारला, तो आम्हांस ह्याच जातीचा वाटतो.

हकीकत अशी. १० एप्रिल २००८ रोजीं नेपाळी जनतेनें घटना तयार करण्यासाठीं ६०१ सभासदांच्या सभेकरितां मतदान केलें. सभेची मुदत दोन वर्षांची. तिनें राजेशाही घालविली. पण प्रांत कसे पाडावे व कोणाच्या ओळखीवर पाडावे, ह्या वादांत पुढाऱ्यांनीं चार वेळां मुदत वाढवून घेतली. शेवटीं २८ मे २०१२ रोजीं घटनेवांचूनच सभा मोडली. पुढें सरन्यायाधीश खिलराज रेग्मी ह्यांच्या हातीं कारभार देऊन १९ नोव्हेंबर २०१३ रोजीं पुन्हां मतदान झालें. कांहीं पक्षांनीं बहिष्कार पुकारला, बंद पाडले. तरी शंभरांतील सुमारें अठ्ठ्याहत्तर मतदार रांगेंत उभे राहिले. त्या मतदाराला आमचा रामराम!

जिमी कार्टर जातीनें हजर होते. युरोपीय संघाचे निरीक्षक होते. बाहेरून चोहोंकडून वाहवा झाली. २००८ सालीं पहिला आलेला प्रचंड ह्यांचा माओवादी पक्ष ह्या खेपेस ८० जागांवर तिसरा आला. प्रचंडांनीं लबाडीची ओरड करून मतमोजणी थांबविण्याची मागणी केली. कौल मान्य करा, असें कार्टर ह्यांनीं त्यांस सांगितलें, तें योग्यच झालें. आपण जिंकलों तर जनतेचा कौल आणि हरलों तर दगा, हा न्याय आम्ही कोणाचाच ऐकून घेणार नाहीं.

पण मतें नीट मोजलीं, एवढ्यानें काम भागतें काय? निवडून आलें कोण, हें कोणी मोजावयाचें? थेट निवडणुकीच्या २४० जागांवर २००८ सालीं ३० स्त्रिया आल्या होत्या. २०१३ सालीं अवघ्या १०! पहिल्या सभेंत दलित सभासद ५० होते; दुसरींत ते घटले. तिन्ही मोठ्या पक्षांचे मुख्य पाहा. नेपाळी काँग्रेसचे सुशील कोइराला, एमाले ह्या कम्युनिस्ट पक्षाचे झलनाथ खनाल, आणि माओवाद्यांचे प्रचंड. झेंडे तीन, पण तिघेही बाहुन, म्हणजे पहाडी ब्राह्मण! २०११ च्या खानेसुमारींत हे बाहुन शंभरांत सुमारें बारा. निरीक्षकांच्या जाडजूड अहवालांत आंतल्या पानांवर वंचितांचा उल्लेख सांपडतो. राष्ट्रांच्या अभिनंदनाचा भर मात्र शांततेवर आणि टक्केवारीवर.

फळ काय मिळालें? २० सप्टेंबर २०१५ रोजीं ह्याच सभेची घटना जाहीर झाली. ६०१ पैकीं ३३५ जागा प्रमाणशीर पद्धतीच्या होत्या, आणि मागासलेल्यांचा शिरकाव मुख्यतः त्याच दारानें होई. नव्या प्रतिनिधिसभेंत अशा जागा २७५ पैकीं ११० च ठेविल्या. तराईंत मधेशी व थारू लोक उठले. पोलीस धरून चाळीसांहून अधिक माणसें मेलीं. आणि परराष्ट्रें? चीननें स्वागत केलें. दिल्लीनें नुसती "नोंद घेतली". पुढें कित्येक महिने सीमेवर माल अडला. काठमांडू म्हणे, ही दिल्लीची नाकेबंदी. दिल्ली म्हणे, हें मधेशींचें आंदोलन. चूल विझली ती गरिबाची! ज्यानें त्यानें आपल्या मतलबाच्या मापानें नेपाळ मोजला.

वाचकहो, परक्याची शाबासकी हें आपलें माप नव्हे. निवडणूक शांततेनें पार पडली, ही अर्धी तपासणी झाली. ज्याला पायरीवर बसविलें होतें तो वर्गांत आला काय, ही उरलेली अर्धी. ती बाहेरचा साहेब करणार नाहीं. पायरीवर बसलेल्यानेंच ती केली पाहिजे.