सिलॅबस तरी द्या

माझी मामेबहीण लेस्टरला राहते. मागच्या वर्षी तिनं ब्रिटनच्या नागरिकत्वासाठी लागणारी 'लाइफ इन द यूके' ही परीक्षा दिली. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, पास व्हायला १८ उत्तरं बरोबर हवीत. त्यासाठी सरकारनंच काढलेलं पुस्तक आहे, प्रश्न त्यातूनच येतात. तीन आठवडे ती रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आम्हाला आठव्या हेन्रीच्या सहा बायकांची नावं म्हणून दाखवायची. पहिल्या वेळी दोन मार्कांनी नापास झाली. पुन्हा फी भरली, पुन्हा बसली, पास झाली.

त्याच कॉलमध्ये माझ्या मागे, मालेगावच्या आमच्या घरात, दादी पलंगावर प्लॅस्टिकची पिशवी उलटी करून बसलेली असायची. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आधार, उर्दूतला निकाहनामा, दादांच्या यंत्रमागाचं जुनं लाइट बिल. एका कागदावर तिचं नाव मेहरुन्निसा आहे, दुसऱ्यावर मेहरूनबी, तिसऱ्यावर मेरुनिसा. ती ते कागद लावायची, मोजायची, परत भरायची. दादीसुद्धा परीक्षेचीच तयारी करत होती. फक्त तिच्या परीक्षेला पुस्तक नाही, तारीख नाही आणि किती मार्कांना पास, हेही कुणी सांगितलेलं नाही.

बहीण परक्या देशात राहायला गेली, म्हणून तिची परीक्षा झाली. ते मला मान्य आहे. दादी कुठून आली? तिचे पूर्वज उत्तरेतले विणकर. १८५७च्या उठावानंतर मऊ, आझमगड, बनारस या भागातली मोमीन कुटुंबं आग्रा रस्त्यानं दक्षिणेकडे निघाली आणि मोसम नदीच्या काठी हातमाग टाकून बसली. हातमागाचे पुढे यंत्रमाग झाले आणि मालेगावचं आजचं मालेगाव झालं. हे स्थलांतर देशातल्या देशात झालं, तेही पाकिस्तान आणि बांगलादेश हे शब्द जन्मायच्या कितीतरी आधी. तरी दीडशे वर्षांनंतर आम्ही 'बाहेरचे नाही ना?' या प्रश्नाचं उत्तर शोधतोय.

ही तयारी सुरू झाली २०१९मध्ये. ३१ ऑगस्टला आसामची एनआरसीची अंतिम यादी आली आणि १९ लाखांहून जास्त माणसं तिच्या बाहेर राहिली. नोव्हेंबरमध्ये गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, एनआरसी देशभर होईल. डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला. देशभरातल्या एनआरसीचा निर्णय झालेला नाही, असं सरकार नंतर म्हणालं. तोपर्यंत मालेगावात जन्मदाखल्यासाठी रांगा लागल्या होत्या. त्या रांगेत मीही उभा राहिलो आहे. माझ्या पुढची बाई खिडकीवर सांगत होती, 'साहेब, मी घरात जन्मले, दाईच्या हातावर.' पलीकडून उत्तर आलं, 'मग दाईला घेऊन या.' सगळे हसले. बाई हसली नाही.

आता कायदा बघा. नागरिकत्व कायदा १९५५चा. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानं नागरिक. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याला आई किंवा वडील भारतीय असल्याचं दाखवावं लागतं. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांसाठी दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नको. म्हणजे दादी आणि अब्बांना स्वतःचा जन्म सिद्ध करायचा आहे, २००० साली जन्मलेल्या मला आईवडिलांपैकी एकाचं, आणि २००७च्या माझ्या बहिणीला दोघांचंही. एकाच छताखाली तीन वेगळे पेपर!

यातला विनोद असा, की जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदाच १९६९चा आहे. दादीचा जन्म त्याच्या आधीचा. जी नोंद राज्यानं नीट ठेवली नाही, तिचा उतारा आज माणसानं आणायचा.

हे फक्त मुसलमानांचं दुखणं आहे असं वाटत असेल, तर घरी जाऊन आजी-आजोबांची जन्मतारीख विचारा. बहुतेक १ जून निघेल. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, गुरुजींना तारीख लागायची, ते १ जून लिहून टाकायचे. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस गुरुजींनी ठरवलाय. आणि तुमच्यापैकी ज्यांनी जात पडताळणीची फाइल केली असेल, त्यांना मी वेगळं काय सांगू? अनुसूचित जातींना १९५०चा, भटक्या-विमुक्तांना १९६१चा, ओबीसींना १९६७चा पुरावा लागतो. ज्यांना १९५२पर्यंत कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं, जे पाल ठोकून गावोगाव फिरत होते, त्यांनी १९६१चा कागद आणायचा कुठून?

पण मालेगावात याच्याही पुढचं घडलं. इथं तयारी करणं हाच गुन्हा ठरला. जन्माची नोंद एका वर्षात झाली नाही, तर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३च्या दुरुस्तीनं हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत आणि त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. कायद्यानं दार बदललं, लोक नव्या दाराशी गेले. मग आरोप झाला, की या दारातून बांगलादेशी आणि रोहिंग्यांना दाखले मिळतायत. जानेवारी २०२५मध्ये विशेष तपास पथक नेमलं गेलं, तहसीलदार आणि नायब तहसीलदार निलंबित झाले, राज्यभर असे दाखले देणं थांबलं. पुढे अधिकार नसलेल्या अधिकाऱ्यांनी दिलेले दाखले रद्द करायला घेतले. कागद नाही म्हणून संशय, आणि कागद काढला म्हणूनही संशय.

'मग खोटे दाखले चालू द्यायचे का?' असं मित्र विचारतात. अजिबात नाही. ज्यानं खोटा कागद जोडला त्याला पकडा, पैसे खाऊन सही करणाऱ्याला आधी पकडा. पण अधिकाऱ्याला सहीचा अधिकार होता की नाही, हे खिडकीसमोरच्या म्हातारीला कसं कळणार? चूक टेबलाच्या त्या बाजूची, नापास या बाजूचा. आणि चौकशी माणसाची असते, गावाची नसते.

मुळात दुखणं आहे ते सिद्ध कुणी करायचं, इथं. चोरीच्या खटल्यात गुन्हा सरकार सिद्ध करतं. १९४६च्या परदेशी नागरिक कायद्यानं मात्र आपण परदेशी नाही, हे सिद्ध करायचं ओझं माणसावरच टाकलं. २०२५च्या नव्या कायद्यातही ते तिथंच आहे. इंग्रज जाताना जी खुर्ची ठेवून गेले, तिच्यावर आपण निवांत बसलोय.

'सरकार इतक्या लोकांचे कागद कुठून शोधणार?' हाही प्रश्न येतो. त्याचं उत्तर महाराष्ट्रानंच दिलं आहे. २०२३मध्ये मराठा आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तहसिलांमधली जुनी दफ्तरं उघडली, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधले, निजामाच्या काळातल्या नोंदी धुंडाळल्या. ते चांगलंच झालं. मनात आणलं तर सरकार स्वतःचं कपाट उघडू शकतं, हे त्यातून दिसलं. मग शाळांची जनरल रजिस्टरं, जुन्या मतदार याद्या, घरपट्टीच्या वह्या, यंत्रमागांच्या वीजजोडण्यांच्या नोंदी ही कपाटं दादीसाठी का उघडत नाहीत?

माझी मागणी दयेची नाही. परीक्षा घ्यायचीच असेल, तर कुठले कागद चालतील ते आधी छापा. नावाच्या स्पेलिंगवरून आणि १ जूनवरून कुणाला नापास करू नका. नोंदी तुमच्याकडे आहेत, त्या तुम्ही शोधा. आणि सगळ्यात आधी, माणूस परका आहे असं ज्याला वाटतं, त्यानं ते सिद्ध करावं.

बहीण पास झाली त्या रात्री दादीनं तिला विचारलं, 'क्या पूछे तेरे को?' बहिणीनं सांगितलं, राजाच्या बायका. दादीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, 'मेरे को भी वोच पूछो ना. याद कर लूंगी.'