दोष फक्त गोश्ताचा?

हवामान बिघडले की बोट आमच्या ताटाकडे वळते. वर्गातली मुलेही विचारतात, "सर, पूर गोश्तामुळे येतो का?" आम्ही खरे तेच सांगतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन निघतो. माणसामुळे हवेत जाणाऱ्या उष्णतावाढीच्या वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनाचे, असे २०१३ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने सांगितले. पण त्यात दुभती जनावरेही आली. मग गंगावेशीच्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध तेवढे निर्दोष कसे? उसाला ओतलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो, तोडणीनंतर पाचट पेटवले जाते. त्याचा जाब कोण विचारतो? २०१९ आणि २०२१ चा महापूर जात-मजहब विचारून घरात शिरला नव्हता.

तरीही आपण हात झटकू नयेत. बकराही रवंथच करतो. वलिम्यात उष्टी टाकलेली बिर्याणी हा इस्राफच आहे. रोज गोश्त हवेच का? डाळ-भाकरीने ईमान कमी होत नाही. शेतकऱ्याला 'पाचट जाळू नको, कुजव' असे सांगायचे, तर आधी आपला दस्तरखान आवरू या.