परक्याचा कान

गेल्या महिन्यांत या सदरांत मुलांच्या अभ्यासाच्या वेळांविषयीं लिहिलें होतें. त्यावर आलेल्या पत्रांत एका वाचकभगिनीचें पत्र अगदीं निराळें निघालें. तें वाचून बाजूला ठेववेना, म्हणून या महिन्याचा ठरलेला विषय पुढें ढकलला आहे.

बाई लिहितात तें थोडक्यांत असें: घर अकरा माणसांचें. सासूबाई, मामंजी, थोरले दीर व जाऊबाई, हीं दोघें नवराबायको आणि दोन्ही भावांचीं मिळून पांच मुलें. जाऊबाईंचा मोठा मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीच्या शास्त्रशाखेंत. दहावीला त्याला उत्तम गुण मिळाले तेव्हां पेढे वाटले, आणि तो इंजिनिअर होणार हेंहि त्याच दिवशीं ठरून गेलें. दिवाळीपासून तो पंगतीला बसत नाहीं, ताट वाढून खोलींत नेतो. संध्याकाळीं आजोबांबरोबर बुद्धिबळाचा डाव मांडीत असे, तोहि बंद आहे. शिकवणीच्या वर्गाला म्हणून निघतो आणि बागेंत बसून परत येतो, हें शेजाऱ्यांकडून कळलें. कॉलेजांतल्या एका शिक्षिकेनें त्याला समुपदेशकाकडे न्यावें असें सुचविलें. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "घरांत इतकीं माणसें असतांना मुलानें परक्यापाशीं मन कशाला उघडावें? आणि उद्यां घरांतल्या मुलींच्या लग्नांत ही गोष्ट निघाली तर?" पत्राच्या अगदीं शेवटीं, निराळ्या शाईनें, एक ओळ आहे. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर ‘मी नसतों तर सगळ्यांचें बरें झालें असतें’ असें लिहिलेलें काकूंना दिसलें, आणि त्यांनीं तें कोणालाहि सांगितलेलें नाहीं.

या शेवटच्या ओळीचें उत्तर मासिकाची वाट न पाहतां त्याच दिवशीं फोनवरून दिलें. तें येथेंहि देतें, कारण अशी वही दुसऱ्या कोणाच्या घरींहि असूं शकेल. असें कांहीं वाचनांत आलें तर तें एकटीनें पोटांत ठेवूं नये. मुलाच्या आईवडिलांना त्याच दिवशीं सांगावें. मुलाला एकांतांत, रागावल्यावांचून, सरळ शब्दांत विचारावें कीं, "जीव नकोसा वाटतो का? जिवाचें कांहीं करावें असें मनांत येतें का?" असें विचारल्यानें नसलेला विचार मुलाच्या डोक्यांत शिरतो, अशी पुष्कळांची भीति आहे, ती खोटी आहे. उलट, कोणी विचारलें याचाच मुलाला सुटकारा वाटतो. उत्तर होकारार्थी आलें, किंवा तो गप्पच राहिला, तर त्याला एकटें सोडूं नये, घरांतल्या औषधांच्या गोळ्या आणि किडामुंगीचीं विषें कुलपांत ठेवावीं, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे त्याच दिवशीं जावें. २०२२ सालापासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनि-सेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. रात्रीं-अपरात्रीं केव्हांहि तेथें बोलतां येतें, आणि मराठींतहि बोलतां येतें.

आतां सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळूं. तो प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा मुळींच नाहीं. एकत्र कुटुंबानें आजवर किती मुलांना सांवरलें असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं. आई रागावली तर काकूच्या पदराआड जातां येतें, आणि वडिलांना सांगण्याचा धीर होत नाहीं तें आजीला सांगतां येतें. ही सोय ज्या मुलाला आहे तो भाग्यवानच. परंतु याच घराची दुसरी बाजूहि आपण सगळ्या जाणतों. दुपारीं चार वाजतां स्वयंपाकघरांत काकूच्या कानीं घातलेली गोष्ट दिवेलागणीपर्यंत मामंजींच्या झोपाळ्यापाशीं पोंचलेली असते. यांत वाईट हेतु कोणाचाच नसतो. प्रेमानेंच ती तिकडे जाते. मुलाला मात्र एवढेंच दिसतें कीं एकाला सांगितलें म्हणजे दहा जणांना सांगितलें.

शिवाय घरांतल्या प्रत्येकाचा त्या मुलावर कांहीं ना कांहीं दावा असतो. वडिलांनीं त्याच्यासाठीं शुल्क भरलेलें असतें, आजोबांनीं नातेवाइकांत त्याचें नांव सांगितलेलें असतें, आईनें नवस केलेला असतो. "मला हें शिकायचें नाहीं" हें वाक्य यांतल्या कोणाहि एकापुढें उच्चारलें तरी समोरच्याच्या तोंडाचा रंग बदलणार, हें मुलाला पुरतें ठाऊक असतें. ज्याला त्याच्या उत्तरानें कांहींच मिळायचें नाहीं आणि गमवायचें नाहीं असा एकच माणूस असतो, तो परका. परक्याच्या कानाची किंमत ती हीच.

माझ्या माहेरीं घडलेलें सांगतें. धाकटा भाऊ मॅट्रिकला नापास झाला, त्या संध्याकाळीं घरांतल्या सात वडीलधाऱ्यांनीं त्याला एकेक करून बोलावून घेतलें आणि प्रत्येकानें अर्धा-अर्धा तास समजाविलें. पुढें पन्नाशी उलटल्यावर तो एकदां म्हणाला, "त्या रात्रीं मला सात उपदेश मिळाले, पण प्रश्न एकानेंहि विचारला नाहीं."

म्हणून वाटतें, ‘समुपदेशन’ हा शब्द रूढ झाला खरा, पण तो जरा फसवा आहे. त्यांत ‘उपदेश’ दिसतो, आणि त्या खोलींत उपदेश जवळजवळ नसतोच. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें रॉचेस्टर गांवीं बारा वर्षें मुलांबरोबर काम केलें आणि १९४२ सालीं समुपदेशनावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याचें सांगणें असें कीं, सल्ला न देतां, न्याय न करतां, मनापासून ऐकलें तर माणूस आपली वाट बहुतेक स्वतःच शोधतो. हें वाचावयास सोपें आहे. अर्धा तास करून पाहावें म्हणजे किती कठीण तें कळतें.

ही विद्या अगदीं काल-परवांची नाहीं, आणि केवळ परदेशाचीहि नाहीं. शिकागोच्या बालन्यायालयाला जोडून डॉ. विल्यम हीली यांनीं १९०९ सालीं एक संस्था काढली. मुलाला शिक्षा काय द्यावी यापेक्षां तें असें कां वागतें हें तेथें शोधीत. व्हिएन्नांत आल्फ्रेड ॲड्लरनें १९२० नंतर शाळांतून मार्गदर्शनकेंद्रें काढलीं; तीं १९३४ सालीं राजकीय उलथापालथींत बंद पडलीं. ॲड्लरची रीत मोठी चमत्कारिक होती. तो मुलाशीं आणि आईबापांशीं शिक्षकांच्या सभेसमोरच बोलत असे, आणि त्या योगें शिक्षकहि शिकत. मला ही रीत पटत नाहीं. आपल्या मुलांना सभेची वाण नाहीं. सारा संसारच सभेसमोर चाललेला असतो. मुंबईस नागपाड्याला क्लिफर्ड मॅन्शर्ट यांच्या पुढाकारानें १९३६ सालीं टाटांच्या देणगींतून समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिनें दुसऱ्याच वर्षीं, १९३७ त, मुलांसाठीं मार्गदर्शन-चिकित्सालय उघडलें. म्हणजे ज्या काळांत आपल्या आज्या नववारी नेसून शाळेंत जात होत्या त्या काळापासून हें काम आपल्या मुंबईंत चाललें आहे. पुढें १९९६ सालीं याच संस्थेच्या कार्यांतून संकटांतल्या मुलांसाठीं १०९८ ही दूरध्वनि-सेवा सुरू झाली. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं स्थापिलेली मानसिक आरोग्याची संस्था तर बहुतेक वाचकांना ठाऊक असेलच.

मुलाला एकटें नेतात तेव्हां काय होतें? बहुधा प्रथम आईबापांकडून माहिती विचारून घेतात, मग मुलाशीं एकट्याशीं बोलतात. भेट पाऊण तासाच्या आसपास, आठवड्यांतून एकदां. लहान मूल बोलत नाहीं, तर खेळतें. म्हणून त्याच्यापुढें बाहुल्या, चिकणमाती, वाळूचें ताट, रंग ठेवतात. बाहुलीच्या घरांत बाबांची बाहुली रोज पलंगाखालीं जाते ती कां, हें पाहणाऱ्याला हळूहळू उमगतें. मोठ्या मुलाशीं मात्र बोलणेंच, आणि त्यांत शांततेचे तुकडेहि पुष्कळ.

मुलगा जें सांगेल तें समुपदेशक घरच्यांना जसेंच्या तसें सांगत नाहीं. यावर कित्येक आईबापांना राग येतो. "शुल्क आम्हीं द्यायचें आणि आमच्याच मुलाचें आम्हांला कळायचें नाहीं?" मुंजींतला एक क्षण आठवावा. मांडवांत शंभर माणसें असतात, सनई वाजत असते, आणि तरीहि गायत्रीच्या उपदेशाच्या वेळीं बटूच्या व गुरूच्या डोक्यावरून वस्त्र घेतात. आईसुद्धां त्या वस्त्राबाहेर असते. आपल्या घरांना ही मर्यादा नवी नाहीं. गुप्ततेला अपवाद मात्र आहेत, आणि ते पहिल्या भेटींतच मुलाला स्पष्ट सांगितले जातात: जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होणार असेल, किंवा मुलावर कोणी लैंगिक अत्याचार केला असेल, तर गप्प बसतां येत नाहीं. शेवटच्या प्रकारांत २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानें खबर देणें बंधनकारकच केलें आहे, मग अत्याचार करणारा घरचा असला तरीहि.

कांहीं मुलांना एकट्यानें बसण्यापेक्षां गटांत बसणें मानवतें. बॉस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट यांनीं १९०५ सालीं क्षयरोग्यांचे वर्ग भरविले. हेतु पथ्य शिकविण्याचा होता. पण आपल्यासारखे आणखी आहेत हें पाहूनच रोग्यांना धीर येतो असें दिसून आलें. मुलांसाठीं गटाची रीत न्यूयॉर्कच्या सॅम्युएल स्लाव्हसन यांनीं १९३४ च्या सुमारास बसविली. हल्लीं साधारण सहा ते दहा मुलें, वयानें जवळचीं, गोल करून बसतात. समुपदेशक त्याच गोलांत बसतो. येथलें येथेंच ठेवायचें, कोणाला हंसायचें नाहीं, आणि बोलण्याची सक्ति नाहीं, हे नियम मुलांकडूनच ठरवून घेतात. परीक्षेची धास्ती, बुजरेपणा, वडील वारल्याचें दुःख, अशा गोष्टींत गट फार उपयोगी पडतो. "मलाहि रात्रीं झोंप येत नाहीं" हें सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकणें आणि साठ वर्षांच्या समुपदेशकाच्या तोंडून ऐकणें, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आणि तसें पाहिलें तर भोंडल्याचा फेर काय होता? सासरच्या ज्या गाऱ्हाण्यांचा एकटीनें उच्चार करणें शक्य नव्हतें, तीं दहाजणींनीं हातांत हात घालून खुशाल गाइलीं, आणि वर खिरापतहि खाल्ली. सासूबाई ओट्यावरून ऐकत असत, हा भाग निराळा.

मात्र जिवाविषयीं वाईट विचार येणाऱ्या, किंवा नुकताच मोठा आघात झालेल्या मुलाला आधीं एकट्याचीच भेट हवी, गट नंतर. एकत्र कुटुंबांतल्यांसाठीं आणखी एक सूचना: चुलत भावंडांना एकाच गटांत घालूं नये. तसें केल्यास झोपाळ्यापर्यंतचा रस्ता पुन्हां उघडतो.

कोणाकडे जावें याची चौकशी डोळसपणें करावी. दारावरची पाटी पुरावा नव्हे. शिक्षण कोठें झालें, मुलांबरोबर काम किती वर्षें केलें, हें विचारण्यांत संकोच नको. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. औषध देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा, समुपदेशकाचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें दिलेल्या निर्देशांप्रमाणें शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेंत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावयास हवा. तेव्हां मुलाच्या कॉलेजांत प्रथम चौकशी करावी. लग्नाच्या भीतीविषयीं माझें मत विचाराल तर, मुलाला वेळेवर तज्ज्ञाकडे नेलें एवढ्यासाठीं जें घर मुलगी नाकारील, त्या घरीं मुलगी न गेलेलीच बरी.

मुलाला नेतांना खोटें सांगूं नये. "डोळे तपासायला जायचें आहे" असें सांगून दवाखान्याच्या दारांत उभें केलेला मुलगा पुढें महिना-महिना तोंड उघडीत नाहीं. परत आल्यावर "काय विचारलें?" हा प्रश्न अकरांपैकीं एकानेंहि विचारूं नये. हें सर्वांत कठीण पथ्य, आणि तें मीं बाईंना फोनवर दोनदां सांगितलें.

हा मजकूर छापावयास देतांना त्यांचें दुसरें पत्र आलें आहे. वहीची गोष्ट त्यांनीं जाऊबाईंना त्याच रात्रीं सांगितली. दोघी रडल्या, आणि सकाळीं आईबाप मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेले. औषध थोडें चालू आहे, समुपदेशकाकडे तीन भेटी झाल्या. पहिल्या वेळीं त्याच्याबरोबर कोणी जावें यावर घरांत बराच वाद झाला, तेव्हां मामंजी कोट घालून दारांत येऊन उभे राहिले. पाऊण तास ते बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसले होते. येतांना दोघे रस पिऊन आले. शास्त्रशाखेचा निकाल अजून लागलेला नाहीं, त्यावरून थोरल्या दिरांचा राग कायम आहे, आणि मुलगा ताट अजूनहि खोलींतच नेतो. बुद्धिबळाचा पट मात्र मामंजींनीं झोपाळ्याजवळ मांडून ठेवला आहे. गुरुवारीं संध्याकाळीं पाहिलें तेव्हां पांढरें प्यादें दोन घरें पुढें सरकलेलें होतें, आणि तें कोणी सरकविलें हें कोणीं विचारलेलें नाहीं, असें बाई लिहितात.