‘उपयोग नाही’ हीसुद्धा बातमीच

जन्मल्याबरोबर न रडलेल्या बाळांवर मुंबईच्या सायन रुग्णालयात काही वर्षांपूर्वी एक उपचार करून पाहण्यात आला. बाळाला गार पाणी खेळवलेल्या गादीवर ठेवायचे, त्याच्या शरीराचे तापमान 33.5 अंश सेल्सियसपर्यंत उतरवायचे आणि 72 तास तेवढेच राखायचे. नवजात बाळाला ऊब द्यावी, हे कुठलीही आजी सांगेल. इथे नेमके त्याच्या उलट चालले होते, आणि तसे करण्याला भक्कम आधारही होता.

बाळंतपणात मेंदूला प्राणवायू कमी पडला की सगळ्या पेशी त्याच क्षणी मरत नाहीत. प्राणवायू परत मिळाल्यावर त्या थोड्या सावरतात आणि काही तासांनी पुन्हा ढासळू लागतात. या दोन आघातांच्या मधल्या सुमारे सहा तासांत मेंदू थंड केला, तर त्याची ऊर्जेची भूक मंदावते आणि दुसरा आघात सौम्य होतो. लंडन, ऑकलंड आणि इतर ठिकाणच्या प्रयोगशाळांत प्राण्यांवर हे दिसून आले. मग 2005 पासून श्रीमंत देशांतल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल येऊ लागले. 2013 साली अशा 11 चाचण्यांतली दीड हजार बाळे एकत्र मोजली गेली. दर सात बाळांना थंडावा दिला की एक बाळ मृत्यूतून किंवा गंभीर अपंगत्वातून वाचते, असा हिशेब निघाला. नवजात बाळांच्या मेंदूसाठी इतका ठोस उपचार त्याआधी कुणाच्याच हाती नव्हता. युरोप-अमेरिकेत तो नेहमीचा झाला आणि भारतातल्या बऱ्याच नवजात अतिदक्षता विभागांनीही उचलला. कुठे बर्फाच्या पिशव्या वापरल्या, कुठे देशी बनावटीची उपकरणे.

यानंतर ‘हेलिक्स’ नावाची चाचणी झाली. लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजचे डॉ. सुधीन थय्यिल यांच्या नेतृत्वाखाली मुंबई, चेन्नई, बंगळूर, तसेच श्रीलंका आणि बांगलादेश इथल्या सात मोठ्या रुग्णालयांत 408 बाळांचा अभ्यास झाला. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एका गटाला थंडावा, दुसऱ्याला नेहमीची काळजी. निकाल ऑगस्ट 2021 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. दीड वर्षाच्या वयापर्यंत मृत्यू किंवा अपंगत्व थंडाव्याच्या गटात 50 टक्के, दुसऱ्या गटात 47 टक्के. म्हणजे फायदा शून्य. नुसते मृत्यू पाहिले, तर आकडा आणखी बोचतो: थंड केलेल्या बाळांत 42 टक्के, न केलेल्यांत 31 टक्के.

लंडनमध्ये जीव वाचवणारा उपचार सायनला पोचता पोचता घातक कसा झाला? पहिला संशय अर्थातच आपल्या रुग्णालयांवर जातो. पण उपकरणे चांगली होती, डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण दिले होते, तापमान काटेकोर राखले गेले होते. मग एमआरआयच्या चित्रांकडे लक्ष गेले. पाश्चात्त्य बाळांत इजा बहुधा मेंदूच्या खोल गाभ्यात दिसते. अचानक आणि थोडा वेळ प्राणवायू तुटल्याची ती खूण. इथल्या बाळांत मेंदूच्या पांढऱ्या भागातली इजा जास्त होती. प्राणवायूचा तुटवडा थोडा थोडा, पण बराच काळ चालला असावा, असे ती सुचवते. कुपोषित आई, अडून राहिलेली कळ, पोटातल्या ठोक्यांवर कुणाचे लक्ष नाही. बाळ हाती येईपर्यंत ते सहा तास बहुधा उलटूनच गेलेले असतात. त्यानंतर थंडाव्याचा फायदा उरत नाही; रक्तदाब घसरणे, रक्त गोठायला वेळ लागणे हे त्याचे दुष्परिणाम मात्र मागे राहतात.

हा निकाल सगळ्यांनी मान्य केला असे नाही. या चाचणीतली बाळे फारच आजारी होती आणि चांगल्या अतिदक्षता विभागात चित्र वेगळे दिसेल, असा आक्षेप काही भारतीय नवजातशिशुतज्ज्ञांनी घेतला. देशातल्या काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसला होता, हेही खरे. वाद अजून चालू आहे. पण ज्या आईबापांचे बाळ ‘काचेत ठेवलंय’, त्यांना या वादाची कुणकुण तरी आहे का? मेंदूवरच्या नव्या औषधाचा शोध लागला की पहिल्या पानावर चौकट येते. आपल्याच शहरातल्या पालिका रुग्णालयाचा सहभाग असलेला आणि एक रूढ उपचार इथल्या बाळांना धोक्याचा ठरू शकतो असे दाखवणारा हा अभ्यास मात्र वाचकांपर्यंत जवळपास पोचलाच नाही. मेंदूविकारांवरच्या संशोधनाचे आपले वाचन असे एकांगी आहे. ‘होय’ तेवढे ऐकू येते, आणि सर्वाधिक जीव ज्यावर अवलंबून असतात तो ‘नाही’ कानाआड जातो.

हा दावा मोठा वाटेल, म्हणून डोक्याच्या दुखापतीचा दाखला. अपघातात डोक्याला मार लागला की मेंदू सुजतो; स्टिरॉइड सूज उतरवते; तेव्हा स्टिरॉइड द्यावे. तर्क इतका सरळ की सुमारे तीस वर्षे जगभर अनेक डॉक्टर तेच करत होते. ‘क्रॅश’ नावाच्या चाचणीत वीस हजार रुग्ण घ्यायचे ठरले होते. 10,008 रुग्णांवर 2004 साली ती थांबवावी लागली. दोन आठवड्यांत स्टिरॉइड दिलेल्यांपैकी 21.1 टक्के दगावले होते, न दिलेल्यांपैकी 17.9 टक्के. फरक शंभरात तिघांचा. एका वॉर्डात, एका डॉक्टरच्या उभ्या कारकिर्दीतही तो डोळ्यांना दिसला नसता. दहा हजार माणसे मोजली तेव्हा दिसला. मेंदूतल्या गाठीभोवतीच्या सुजेवर स्टिरॉइड आजही उपयोगी आहे. पण हेल्मेट न घालता दुचाकीवरून पडलेल्याला ते देऊ नये, हे त्या एका नकाराने शिकवले. त्या नकारामुळे किती जण वाचले याची यादी कधीच निघणार नाही. न दिलेल्या इंजेक्शनमुळे वाचलेल्या माणसाला तसे झाले आहे हे माहीतच नसते.

पक्षाघाताच्या बाबतीत तर भारतीय डॉक्टरांनी दोनदा मोठ्या धैर्याने ‘नाही’ ऐकवले आहे. अर्धांगवायू झालेल्या माणसाला घरी आणल्यावर त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग घरच्यांनाच शिकवले तर? लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि त्यांच्या भारतीय-ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांनी देशातल्या 14 केंद्रांत 1,250 रुग्ण घेऊन हे तपासले. ‘अटेंड’ हे त्या चाचणीचे नाव. सहा महिन्यांनी दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत तेच, 47 टक्के. हा निकाल 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ‘घरची माणसे बघून घेतील’ ही कल्पना सरकारी तिजोरीला फार सोयीची आहे आणि तिचा सगळा भार बायकोवर, सुनेवर पडतो. त्या बायकोला, सुनेला शिकवल्याने रुग्णाच्या स्थितीत फरक पडला नाही, हे आता आकड्यांत नोंदलेले आहे. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे पद रिकामे का, असे विचारणाऱ्याच्या हातात याहून चांगला कागद नसेल.

दुसरी चाचणी ‘स्प्रिंट इंडिया’. एकदा झटका येऊन गेलेल्यांना मोबाइलवर संदेश, छोट्या चित्रफिती आणि एक पुस्तिका, सगळे त्यांच्या भाषेत द्यायचे आणि दुसरा झटका टळतो का ते पाहायचे. 31 केंद्रे, 4,298 रुग्ण. मध्येच आकडेवारी तपासली तेव्हा पुढे नेण्यात अर्थ नाही असे दिसले आणि चाचणी थांबवण्यात आली. वर्षभरात पुन्हा झटका, हृदयविकार किंवा मृत्यू यांचे प्रमाण संदेश मिळालेल्यांत 5.5 टक्के, न मिळालेल्यांत 4.9 टक्के. औषधे नियमित घेण्यात आणि दारू सोडण्यात थोडीफार सुधारणा झाली, पण मूळ प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले. प्रत्येक दुखण्यावर ॲप काढायला निघालेल्या प्रशासनाच्या टेबलावर हा निबंध असायला हवा. आहे का, ते कुणी विचारत नाही.

कधी कधी ‘काही फरक नाही’ ही तर गरीब रुग्णालयासाठी आनंदाची बातमी असते. फिट थांबतच नाही, पहिले औषध देऊनही झटके चालूच आहेत, अशा वेळी पुढचे औषध कोणते? अमेरिकेतल्या ‘इसेट’ चाचणीने लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट या तिघांची तुलना केली. फिट थांबण्याचे प्रमाण अनुक्रमे 47, 45 आणि 46 टक्के निघाले. मग ग्रामीण रुग्णालयाच्या औषधालयात तिघांपैकी जे असेल ते द्यावे. महागडे नाही म्हणून हात चोळत बसायचे कारण नाही. गरोदर राहू शकणाऱ्या बाईला व्हॅल्प्रोएट कायमचे चालू ठेवताना विचार करावा लागतो, पण तो प्रश्न वेगळा.

‘होय’ची बातमीही नीट वाचली जाते असे नाही. लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाने आजाराची गती 27 टक्क्यांनी मंदावली, हे 2022 साली जगभर गाजले. चाचणी 1,795 रुग्णांची, दीड वर्षाची, व्यवस्थित केलेली. पण ज्या मापावर हे 27 टक्के निघाले ते 18 गुणांचे आहे आणि दोन गटांतला फरक 0.45 गुणांचा. शिवाय काहींच्या मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव. विसरभोळ्या आईसाठी दुकान गहाण टाकायला निघालेल्या मुलाला यातला कोणता आकडा आधी सांगायला हवा? पार्किन्सनमध्ये एक्सेनाटाइड या मधुमेहाच्या औषधाने 62 रुग्णांच्या अभ्यासात 2017 मध्ये आशा दाखवली होती. मग 194 रुग्णांवर 96 आठवडे ते वापरून पाहिले. 2025 मध्ये निकाल आला: उपयोग नाही. 2017 चा मथळा लोकांच्या लक्षात आहे. दुसरा बहुतेकांनी वाचलेलाही नाही.

या निवडक ऐकण्याची सर्वांत कडू किंमत स्टेम सेलच्या बाजारात मोजली जाते. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, जुना पक्षाघात, मोटर न्यूरॉन डिसीज, सगळ्यांवर एकच इंजेक्शन आणि खर्च लाखांत. आता नोंदी पाहा. दिल्लीच्या एम्सचे डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पाच भारतीय केंद्रांत 120 पक्षाघात-रुग्णांवर त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशींची चाचणी झाली. 2014 मध्ये छापून आलेला निष्कर्ष: अपाय दिसला नाही, उपायही दिसला नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने दोन ते सात वर्षांच्या 180 स्वमग्न मुलांना नाळेतल्या रक्तपेशी देऊन पाहिल्या. 2020 मध्ये कळले की ज्या सामाजिक संवादासाठी हे केले, त्यात दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांत फरक नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतात. आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. आईबापांनी एवढे एकच वाक्य लक्षात ठेवले तरी पुष्कळ पतपेढ्यांची कर्जे वाचतील.

पालक फसतात म्हणून त्यांना हसणे सोपे आहे. पण ज्यांना दवाखान्यात ‘काही करता येणार नाही’ असे दोन मिनिटांत सांगून वाटेला लावले जाते, ते जिथे तासभर कुणी बोलते तिथे जाणारच. ‘नाही’ सांगायलाही वेळ द्यावा लागतो. त्या नकारासोबत रोजचा व्यायाम, वाचा-उपचार, शाळेतली सोय, अपंगत्वाचा दाखला यांचीही माहिती द्यावी लागते. सरकारी बाह्यरुग्ण विभागात समोर रांग लागलेल्या न्यूरोलॉजिस्टकडे तेवढी मिनिटे नसतात, हा त्याचा एकट्याचा दोष नव्हे.

असे अभ्यास करायला पैसा कोण देतो, हाही प्रश्न आहे. जुने औषध निरुपयोगी आहे हे सिद्ध करण्यात कुठल्याच कंपनीला रस नसतो. ‘क्रॅश’ला ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने पैसा दिला, ‘अटेंड’ला ऑस्ट्रेलियाच्या सरकारी परिषदेने, ‘हेलिक्स’ला ब्रिटिश सरकारी निधी आणि गेट्स फाउंडेशनसारख्या संस्थांनी. ‘स्प्रिंट इंडिया’ भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या खर्चाने झाली, हे विशेष नोंदवायला हवे, कारण अशी उदाहरणे मोजकीच आहेत. भारतात औषध-चाचण्यांची नोंदणी 2009 पासून सक्तीची आहे. पण नोंदणी झाली म्हणजे निकाल लोकांसमोर येतोच असे नाही, आणि न आलेले निकाल बहुधा ‘नाही’चेच असतात.

असे अभ्यास करायला महाराष्ट्राला नव्या इमारती नकोत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या नियमानुसार एमडी, एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. पन्नास-शंभर रुग्णांचे हे अभ्यास बहुतेक ग्रंथालयाच्या कपाटात जातात. एकेका प्रबंधातून ठाम काही सिद्ध होणे अवघडच, पण ससून, केईएम, नागपूर, संभाजीनगर, मिरज इथल्या विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न आणि एकच नमुना ठरवून काम केले तर तीन वर्षांत हजार-दोन हजार रुग्ण सहज जमतील. उशिरा रडलेल्या बाळांच्या मेंदूला इजा नेमकी केव्हा होते, प्रसूतिकक्षात दर पंधरा मिनिटांनी ठोके ऐकले तर ती टळते का, मेंदूच्या क्षयरोगात किंवा न थांबणाऱ्या फिटमध्ये रुग्ण कोणत्या टप्प्यावर उशीर होऊन पोचतो: असे प्रश्न बोस्टनमध्ये कुणी विचारणार नाही, कारण ते तिथले नाहीत. ‘हेलिक्स’नंतर थय्यिल यांच्या गटाने दक्षिण भारतातल्या सरकारी रुग्णालयांत याच दिशेने, प्रसूतीतल्या देखरेखीवर काम सुरू केले. महाराष्ट्रात त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी अगदी थोड्या आहेत: विद्यापीठाचे एक परिपत्रक, आकडे सांभाळायला एक सांख्यिकी विभाग, आणि उत्तर ‘उपयोग नाही’ असे आले तरी ते छापण्याची अट.