बेदाण्याचे वजन पानात

सांगली-तासगावच्या बेदाण्याशी व्यवहार असलेल्या आपल्या घरांत द्राक्षाचा घड सर्वांनीच हाताळलेला असतो. वेलीचे पान उलटून पाहणारा मात्र विरळा. आम्हीही पाहत नव्हतो. काही वर्षांपूर्वी टपोरे मणी पाहून आमच्या घरच्या मंडळींनी बेदाण्यासाठी एका बागेचा माल घेतला. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, हा नेहमीचा हिशेब. शेडवरून माल उतरला तेव्हा पाच किलोंनाही किलो भरेना. मापात खोट नव्हती. खोट पानांत होती आणि सौद्याच्या दिवशी ती आमच्या डोळ्यांसमोरच होती.

मण्यातील साखर मण्यात घडत नाही. ती पानांकडून येते. पानाच्या खालच्या बाजूस सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, मुळांकडून पाणी येते आणि हरितद्रव्याने शोषलेल्या सूर्यप्रकाशाच्या बळावर या दोहोंपासून साखर बनते. देठातून, काडीतून ती घडापर्यंत पोहोचते. मण्यात पाणी उतरू लागले की ही आवक एकदम वाढते.

आता व्यापाऱ्याचा हिशेब. गोडी 18 ब्रिक्स म्हणजे 100 किलो रसात सुमारे 18 किलो विरघळलेले घटक, त्यांत बहुतांश साखरच. वाळताना पाणी जाते, साखर उरते. बेदाण्यात 15 टक्के ओलावा धरला, तर 18 ब्रिक्सच्या 100 किलो द्राक्षांचा बेदाणा 21 किलोंच्या आसपास भरतो. 22 ब्रिक्सचा जवळजवळ 26 किलो. पाच किलोंचा हा फरक पानांनी हवेतून मिळवलेला असतो.

आमच्या त्या बागेत केवडा, म्हणजे डाऊनी, येऊन गेला होता. ही बुरशी पर्णरंध्रांतूनच आत शिरते, म्हणून तिची पांढरी लव पानाखाली दिसते. निम्मी पाने गळाली होती. मणी फुगले ते पाण्याने. बागायतदाराला दोष देववत नाही. त्या हवेत त्याने फवारण्यांत काही कमी केले नव्हते.

पाने पुष्कळ असली म्हणजे झाले, असेही नाही. उन्हातील पहिले पान बहुतेक प्रकाश स्वतःच शोषून घेते. त्याच्यामागे दाटीत दडलेले पान कमावत नाही. विरळणीचा खर्च म्हणूनच वाया जात नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. उन्हाळ्यातील पानांना पोसायला घड नसतो. त्यांची कमाई काडीत साठते आणि त्या दिवसांतील प्रकाशावर काडीच्या डोळ्यात पुढे घड धरणार की नुसती बाळी येणार, हे बरेचसे ठरते. फेब्रुवारीत आपण ज्याचा भाव करतो, त्याची सुरुवात मागच्या मे महिन्यात झालेली असते.

यंदा माझा पुतण्या एका बागेत बराच वेळ पानेच उलटत राहिला. बागायतदार हसून म्हणाले, "शेठ, द्राक्षे खाली लटकलीत, वर नाहीत!" पुतण्याने एक मणी रिफ्रॅक्टोमीटरवर पिळला. 22 भरले.