भाषण पाठ करू नका, कलम लिहा

मसुरे आणि पंचक्रोशीतल्या शिक्षकांना, पालकांना आणि मुलांना एक विनंती आहे. यंदा शाळेत युवा संसद भरवाल तेव्हा मुलांच्या हातात तयार संहिता देऊ नका. एक विधेयक त्यांना स्वतः लिहू द्या. ते पडले तर पडू द्या.

युवा संसद आपल्याकडे नवी नाही. केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयाने १९६६ साली दिल्लीच्या शाळांपासून ही स्पर्धा सुरू केली. पुढे ती केंद्रीय विद्यालयांत आणि नवोदय विद्यालयांत गेली. आपल्या जिल्ह्याचे नवोदय सावंतवाडी तालुक्यात सांगेलीला आहे. २०१९ पासून राष्ट्रीय युवा संसद योजनेत इतर मान्यताप्राप्त शाळांनाही नाव नोंदवता येते. नववी ते बारावीच्या मुलांसाठी किशोर सभा आणि कॉलेजच्या मुलांसाठी तरुण सभा. दार उघडे आहे. आत काय चालते, तो प्रश्न आहे.

बहुतेक ठिकाणी काय चालते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. झब्बे, टोप्या, अध्यक्षांसाठी मुख्याध्यापकांची खुर्ची. शपथ, शोकप्रस्ताव, प्रश्नोत्तराचा तास. विरोधकांचा सभात्याग, तोही तालमीत बसवलेला. कोणत्या वाक्याला उठायचे ते आधीच ठरलेले. शेवटी विधेयक येते. त्याचे नाव भारदस्त असते, पण आत काय आहे हे मांडणाऱ्या मंत्र्यालाही सांगता येत नाही, कारण आत काही लिहिलेलेच नसते. ‘होय’चा गजर होतो, टाळ्या पडतात, फोटो निघतो. आपल्या देवळात गाऱ्हाणे घालताना सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि ते तिथे शोभतेही. सभागृहात मात्र ‘नाही’ म्हणणारा कोणीतरी खरोखरचा लागतो. आणि गंमत अशी, की आपली मुले दशावतार बघत वाढलेली. त्या रंगमंचावर लेखी संहिता नसते, नट उभ्या उभ्या संवाद रचतो. त्या मुलखातल्या मुलांना आपण संसदेसाठी घोकंपट्टी करायला लावतो!

अमेरिकेतल्या शाळांमध्ये काँग्रेसच्या धर्तीवर वादस्पर्धा होतात. तिथली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. स्पर्धेआधी मुलांना विधेयक लिहून पाठवावे लागते, साधारण एका पानाचे. त्यात नेमके काय करायचे ते पहिल्या कलमात, संदिग्ध शब्दांच्या व्याख्या दुसऱ्यात, अंमल कोणते खाते करणार ते तिसऱ्यात, कधीपासून ते चौथ्यात, आणि याच्याशी विसंगत असलेल्या जुन्या कायद्यांचे काय ते पाचव्यात. मग बाजूने एक, विरोधात एक अशी तीन-तीन मिनिटांची भाषणे आणि त्यावर प्रश्न. भाषण कितीही गाजले तरी कलमात भोक असेल तर दुसरा मुलगा ते दाखवतो. आपल्या विधानसभेतले विधेयकही मुळात असेच बांधलेले असते: संक्षिप्त नाव व प्रारंभ, व्याख्या, कलमे, शास्ती, नियम करण्याचा अधिकार, आणि शेवटी उद्देश व कारणे यांचे निवेदन. हे शब्द ऐकून बिचकू नका. आचऱ्याच्या गावपळणीबद्दल तिथल्या लहान मुलाला विचारा. कोणी जायचे? गुराढोरांसकट सगळ्यांनी. कुठे? वेशीबाहेर. किती दिवस? तीन दिवस, तीन रात्री. परत कधी? रामेश्वराचा कौल झाल्यावर. व्याख्या, मुदत, अधिकारी, सगळे त्या उत्तरांत आहे. कलम म्हणतात ते यालाच.

आता विषय. आकाशातला नको, पायाखालचा घ्या. आपल्याच गावातल्या आंगणेवाडीला भराडीदेवीच्या जत्रेला लाखोंनी माणूस येतो. वर्गात विषय विचारला तर पहिला हात वर होईल तो कचऱ्यासाठी, आणि मुले लिहितील, ‘जत्रेत प्लास्टिक वापरू नये.’ तिथे शिक्षकांनी थांबवावे आणि विचारावे, हा कायदा आधीच आहे की नाही? आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार दंड आणि तीन महिन्यांचा तुरुंगवास. एवढे असूनही पिशवी दिसतेच. तेव्हा बंदी पुन्हा लिहून काय उपयोग? खरा प्रश्न आत्ता सुरू होतो. गर्दीत पकडणार कोण? पोलीस वाहतूक सांभाळतील की पिशव्या बघतील? जत्रा संपल्यावर कचरा कोण उचलणार, कुठे नेणार, आणि त्याचे पैसे कोण देणार?

पैशांवर मुले म्हणतील, ‘दुकानदारांकडून घेऊ.’ चांगले. पण संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदाप्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कुठलाही कर बसवता येत नाही. मग ग्रामपंचायतीला असा अधिकार आहे का? १९५८ चा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम उघडायला लावा. ग्रामपंचायतींनी कोणते कर बसवावेत त्या यादीत जत्रा-उत्सवांवरचा करही आहे. म्हणजे नव्या कायद्याची गरज जेमतेम उरते. उरतो तो दर किती, कोणाला माफी, हिशेब कोणाला दाखवायचा. मालवणी खाजे विकायला टोपली घेऊन बसलेली बाई आणि मोठा पाळणावाला यांना एकच दर लावायचा? ‘दुकान’ याची व्याख्या करा म्हटले की वर्गात अर्धा तास भांडण होईल. होऊ द्या. त्या अर्ध्या तासात जे कळते ते नागरिकशास्त्राच्या धड्यात सापडत नाही.

किनाऱ्यावरच्या मुलांचा विषय ठरलेला आहे: पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांची मासेमारी. तोंडवळी, तळाशील, सर्जेकोट, देवबाग इथल्या घराघरांत हा विषय जेवताना निघतो. इथे मला मुलांकडून रागापेक्षा अभ्यास हवा आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्याच्या यादीत आहे, पण राज्यक्षेत्रीय जलधीपलीकडची, म्हणजे बारा सागरी मैलांबाहेरची मासेमारी केंद्राच्या यादीत. विधानसभेत कितीही कडक विधेयक मांडले तरी ते बारा मैलांवर थांबते. पुढचे काम संसदेचे. एलईडीच्या झोतावर मासेमारी करायला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, ती म्हणूनच वेगळी घालावी लागली. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. तो २०२१ मध्ये बदलला आणि दंड लाखांत गेला. पण माझ्या मते त्याहून मोठा बदल दुसराच होता. पूर्वी अशा प्रकरणांचा निवाडा तहसीलदारांकडे असे, तो मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आला. तहसीलदारांच्या ज्या टेबलावर सातबारा, दाखले, निवडणूक आणि आपत्ती हे सगळे येऊन पडते, तिथे होडीचे प्रकरण किती दिवस पडून राहील ते सांगायला नको. दंड किती, यावर मुले हिरिरीने बोलतात. निवाडा कोण करणार, हे कलम मात्र कोणालाच आठवत नाही. आणि पुष्कळदा कायदा मरतो तो त्याच कलमात. दंड वाढला तरी झोताचा उजेड रात्री समुद्रात का दिसतो, गस्तीची नौका किती लांब जाऊ शकते, हे मुलांनी विचारलेच पाहिजे.

माकडांचा उपद्रव, बागायतीचे नुकसान हाही विषय निघेल. वन्यप्राणी समवर्ती सूचीत, केंद्र आणि राज्य दोघांचे. एवढे सांगून मुलांना सोडून द्या, पुढचे ती शोधतील.

विधेयक पडण्याबद्दल. पालकांना याचे फार वाईट वाटते. आपल्या मुलाने मांडले आणि हरले, म्हणजे नाक कापले गेले. अशांनी बॅरिस्टर नाथ पै यांची गोष्ट मुलांना सांगावी. वेंगुर्ल्याचा हा माणूस १९५७, १९६२ आणि १९६७ असा तीनदा राजापूर मतदारसंघातून, म्हणजे आपल्याच भागातून, लोकसभेवर गेला. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हाही झाला नव्हता, मालवण रत्नागिरीत होते. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने ठरवले, की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. नाथ पै विरोधी बाकांवरचे, प्रजासमाजवादी पक्षाचे. त्यांनी एप्रिलमध्येच खासगी विधेयक मांडले: घटनेतले कोणतेही कलम दुरुस्त करायचा अधिकार संसदेला असला पाहिजे. खासगी सदस्यांच्या कामकाजाला शुक्रवारी शेवटचे अडीच तास मिळतात. तेवढ्या वेळात हा एवढा मोठा विषय त्यांनी सभागृहापुढे आणला. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर भरपूर खल झाला, पण ते मंजूर झाले नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै गेले. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती आणली, तिचा गाभा तोच होता.

ही गोष्ट ‘शेवटी आपलाच माणूस बरोबर ठरला’ असे म्हणून संपवू नका. विरोध करणारेही मूर्ख नव्हते. त्यांचे म्हणणे होते, की उद्या एखाद्या बहुमताने लोकांचे हक्कच काढून घेतले तर? पुढे आणीबाणीत ती भीती किती खरी होती ते देशाने पाहिले. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने वाट काढली: संसदेने दुरुस्ती करावी, पण घटनेच्या मूळ चौकटीला हात लावू नये. म्हणजे त्या शुक्रवारच्या चर्चेत दोन्ही बाजूंना काही खरे दिसत होते. मुलांना हेच कळायला हवे. आणि जिंकण्या-हरण्याचे म्हणाल तर स्वातंत्र्यापासून आजवर संसदेने खासगी सदस्यांची अवघी चौदा विधेयके मंजूर केली, आणि १९७० नंतर एकही नाही. तरी खासदार ती मांडतच असतात.

आता थोडे व्यवहाराचे. विधेयक मांडणाऱ्या मुलाला एकदा तरी स्वतःच्या विधेयकाविरुद्ध बोलायला लावा. त्याला सगळ्यात जास्त भोके ठाऊक असतात. बोलायची संधी देताना जो सर्वांत कमी वेळा बोलला त्याला आधी, हा अमेरिकेतल्या स्पर्धांचा नियम उचला. नाहीतर वक्तृत्वाचे ढाल-चषक मिळवलेली तीन मुले पूर्ण तास खातात आणि मागच्या बाकावरच्या मुलींना कोणी विचारत नाही. परीक्षकांनी भाषणाइतकेच गुण दुरुस्तीला द्यावेत. ज्या मुलीने ‘दुकान’च्या व्याख्येत ‘डोक्यावरून किंवा टोपलीतून विकणारे वगळून’ एवढे शब्द घातले, तिने पाच मिनिटे गर्जना करणाऱ्यापेक्षा जास्त काम केले. खरोखरची मते मोजा, हात वर करून किंवा चिठ्ठी टाकून. पक्षांची नावे नकोत, झेंडे नकोत. अर्धा वर्ग सत्तेत, अर्धा विरोधात, आणि दुसऱ्या बैठकीला बाजू बदलायच्या. म्हणजे ‘शाळेत राजकारण नको’ म्हणणाऱ्या पालकांचीही अडचण राहत नाही.

भाषेवरून कोणाला गप्प करू नका. मसुदा प्रमाण मराठीत लिहू द्या, तिथे शब्द पक्का लागतो. पण चर्चेत मालवणी चालू द्या. ज्याला सभागृहाच्या भाषांत नीट बोलता येत नाही, त्याला अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलू द्यावे, अशी तरतूद संविधानाच्या २१० व्या अनुच्छेदात विधानमंडळासाठीच आहे. तेव्हा ‘अध्यक्ष महोदय, माका ह्या पटणा नाय’ हे वाक्य बसवलेल्या सभात्यागापेक्षा जास्त संसदीय आहे.

वेळ कोणती धरावी? जूनमध्ये शाळा सुरू होते आणि १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, माणसे घरी. मुलांची संयुक्त समिती बसवा आणि रापणकर, ट्रॉलरवरचा खलाशी, मासे विकणारी बाई, ग्रामसेवक, जत्रेत दुकान लावणारा यांना साक्षीला बोलवा. प्रश्न मुलांनी आधी लिहून ठेवावेत. उत्तर टाळले गेले तर तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची मुभा त्यांना असावी, समोर कोणाचे काका असले तरी.

विधेयक मंजूर झालेच, तर त्यातला जेवढा भाग गावाच्या हातात आहे तेवढा वेगळा काढून ठराव म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आणा. मुलांना तिथे मत नाही, त्यासाठी मतदार यादीत नाव लागते. म्हणून ठराव मांडायला आणि अनुमोदन द्यायला दोन मोठी माणसे आधीच ठरवून ठेवा. लिहिणाऱ्या मुलांना त्यांच्या शेजारी बसवा. कोणी उठून विचारले की ‘दुकान’ म्हणजे काय, तर उत्तर त्यांच्याकडेच असेल.